दक्षिणेतील देवस्थाने आणि जीर्णोद्धाराची परंपरा

पडायला आलेले जुने देऊळ पुन्हा उभे करणे, याला आपल्या पूर्वजांनी 'जीर्णोद्धार' असा अर्थपूर्ण शब्द दिला. नवे देऊळ बांधण्याहून जुन्याचा उद्धार करण्याचे पुण्य मोठे, असे वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. त्याचे कारणही उघड आहे. नवे देऊळ एका पिढीचे असते; जुन्या देवळाला अनेक पिढ्यांचे हात लागलेले असतात. कोणी चिरा वाहिला, कोणी दिवा लावला, कोणी अडचणीच्या काळात देवाची मूर्ती जपली. त्या सर्वांचे ऋण मानून पुढच्यांनी आपला वाटा उचलायचा, हाच जीर्णोद्धाराचा अर्थ होय.

ही परंपरा नियमाने आणि मोठ्या प्रमाणावर चालत आलेली पाहायची असेल, तर दक्षिण भारताची, विशेषतः तमिळ देशाची यात्रा करावी. तेथे सर्वसाधारणपणे दर बारा वर्षांनी देवळाची डागडुजी होते, गोपुरे नव्याने रंगवली जातात आणि अखेरीस शिखरांच्या कलशांवर मंत्रघोषात जल ओतले जाते. या विधीला कुंभाभिषेक म्हणतात. काशी-रामेश्वर करणाऱ्या आपल्या पूर्वजांना ही वाट पायी किंवा बैलगाडीने तुडवावी लागे. आता तिरुपतीहून निघालेली यात्रेची मोटार तिरुवण्णामलै, चिदंबरम्, तंजावर, त्रिचनापल्ली आणि पळणी करीत आठवड्याभरात मदुराईस पोहोचते. सातआठशे किलोमीटरच्या या वाटेवर काही देव डोंगरावर बसले आहेत, तर काही भर नगरात. प्रत्येक ठिकाणी जीर्णोद्धाराची एकेक कथा आहे आणि त्यांपैकी काही कथांत मराठी माणसाचाही भाग आहे.

सप्तगिरीचा धनी

तिरुपती हे शहर पायथ्याशी आहे. बालाजीचे स्थान वर तिरुमला डोंगरावर, सात शिखरांच्या रांगेत आहे. पूर्वी तेथे जायला साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्यांची वाट होती, नाहीतर डोलीचा आश्रय घ्यावा लागे. १९४४ साली पहिला घाटरस्ता झाला, १९७४ साली दुसरा, आणि मोटारी वर जाऊ लागल्या. तरीही नवस बोललेले हजारो लोक आजही 'गोविंदा, गोविंदा' म्हणत पायऱ्यांनीच चढतात. काही जण प्रत्येक पायरीला हळदकुंकू लावीत जातात.

देवळात शिरल्यावर एका बाजूला विजयनगरचा सम्राट कृष्णदेवराय आणि त्याच्या दोन राण्या यांचे धातूचे पुतळे दिसतात. कृष्णदेवराय येथे सात वेळा दर्शनास आला आणि त्याने देवाला अपार संपत्ती अर्पण केली. पण त्याच्या पुतळ्याच्या हाती तलवार नाही. हात जोडून तो दाराशी उभा आहे. ज्याने सर्वांत अधिक दिले त्याने आपली जागा दाराशी ठेवावी, ही गोष्ट देणगीदारांनी पाहण्यासारखी आहे.

बारा वर्षांचा नियम का पडला, हेही येथे समजून घेता येते. दक्षिणेत मूर्ती पीठावर घट्ट बसविण्यासाठी लाख, राळ, चुनखडीची भुकटी, गेरू, मेण, कापूस, लोणी अशा आठ पदार्थांचे मिश्रण कुटून एक लेप तयार करतात. त्याला अष्टबंधन म्हणतात. रोजच्या अभिषेकाचे पाणी, दूध, तेल यांनी हा लेप हळूहळू झिजतो. त्याला भेगा पडल्या की पाणी पीठाखाली मुरते आणि मूर्ती हलू लागते. म्हणून ठराविक काळाने तो काढून नवा भरावा लागतो. हे काम चालू असताना देवाचे तेज मंत्रांनी कलशात उतरवून जवळच तात्पुरत्या लहान देवळात ठेवतात. त्या लहान देवळाला बालालय म्हणतात. तिरुमलेस असे महासंप्रोक्षण ऑगस्ट २०१८ मध्ये झाले. शास्त्राचा विधी आणि गवंड्याचे काम यांची अशी सांगड घातल्यामुळे देखभालीला कोणाला टाळाटाळ करता येत नाही.

देखभालीत उशीर झाला तर काय होते, याचे उदाहरण तिरुपतीपासून थोड्याच अंतरावर असलेल्या श्रीकालहस्तीला मिळाले. तेथील उंच राजगोपुर कृष्णदेवरायाने १५१६ साली बांधले होते. जवळजवळ पाचशे वर्षे ते ऊनपाऊस सोशीत उभे राहिले. पुढे त्याला तडे गेले, ते वाढत गेले आणि २६ मे २०१० रोजी ते सबंध गोपुर कोसळले. लोकांना आधीच दूर केले होते म्हणून अनर्थ टळला. त्या जागी नवे गोपुर उभारून २०१७ साली त्याची प्रतिष्ठा झाली. देऊळ पुन्हा शोभिवंत झाले, पण कृष्णदेवरायाच्या वेळचे गोपुर कायमचे गेले. पहिली भेग दिसते तेव्हाच तिची दखल घेतली पाहिजे.

डोंगर हाच देव

दक्षिणेकडे निघालेली मोटार चिंचेच्या झाडांच्या सावलीतून तिरुवण्णामलैच्या जवळ येते, तेव्हा दुरूनच अरुणाचल डोंगर दिसू लागतो. त्याची उंची सुमारे २,६६० फूट आहे. येथे देऊळ पायथ्याशी आहे आणि डोंगर हाच शिवाचे रूप मानला जातो. पंचमहाभूतांच्या पाच लिंगांपैकी अग्निलिंग ते हे. पौर्णिमेला लाखो लोक अनवाणी पायांनी १४ किलोमीटरची गिरिप्रदक्षिणा घालतात. कार्तिक महिन्यातील दीपोत्सवात शिखरावर मोठ्या कढईत तूप घालून ज्योत पेटवतात. ती आसपासच्या गावांना दुरून दिसते आणि मग घरोघर दिवे लागतात.

देवळाचे पूर्वेकडचे गोपुर २१७ फूट उंच आणि अकरा मजल्यांचे आहे. त्याचे काम कृष्णदेवरायाच्या काळात सुरू झाले आणि तंजावरच्या सेवप्पा नायकाने ते पुरे केले. ज्याने आरंभ केला त्याच्या हातून शेवट झाला नाही, पण काम थांबले नाही. दक्षिणेतील कितीतरी गोपुरांची हीच हकीकत आहे.

डिसेंबर २०२४ च्या आरंभी चक्रीवादळाच्या अतिवृष्टीने या डोंगराची दरड कोसळली आणि उतारावरील वस्तीतील सात जण ढिगाऱ्याखाली दगावले. त्या वर्षीच्या दीपोत्सवात ज्योत पेटली, पण भाविकांना डोंगरावर चढू दिले नाही. देवाचा डोंगर झाला तरी त्याची माती निसर्गनियमानेच वागते. तेथे घर बांधताना आणि गर्दी करताना त्याचे भान ठेवावे लागते, हा धडा सर्वांना मिळाला.

येथून पूर्वेस मोटार तासाभरात जिंजीस पोहोचते. तीन टेकड्यांवर पसरलेला हा किल्ला १६७७ साली दक्षिण दिग्विजयात शिवाजी महाराजांनी घेतला. महाराजांच्या पश्चात औरंगजेबाने सारे राज्य ग्रासले, तेव्हा याच किल्ल्याने राजाराम महाराजांना आसरा दिला आणि १६९८ च्या आरंभापर्यंत मराठ्यांचा कारभार येथूनच चालला. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. त्यांतील अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा हा तमिळ देशातील जिंजीचा किल्ला आहे.

नटराजाचा वनवास

जिंजीवरून पुढे समुद्राच्या बाजूला चिदंबरम् लागते. हे आकाशलिंगाचे स्थान. येथे शिव नटराजाच्या रूपात नाचतो आहे. त्याच्या चित्सभेचे छप्पर सोन्याने मढवलेले आहे, आणि गोपुरांच्या भिंतींवर नाट्यशास्त्रातील १०८ करणे कोरलेली आहेत. पूजेचा अधिकार दीक्षितांच्या घराण्यांकडे आहे. देवळाचा कारभार कोणाकडे असावा याविषयी शासन आणि दीक्षित यांच्यात दीर्घ वाद चालला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये तो दीक्षितांच्या बाजूने निकालात काढला.

या देवळाच्या इतिहासात मराठी वाचकाने आवर्जून जाणून घ्यावा असा एक प्रसंग आहे. १६४८ साली विजापूरच्या फौजांनी जिंजीला वेढा घातला. मुलूख उद्ध्वस्त होऊ लागला. चिदंबरमच्या पुजाऱ्यांनी त्या वर्षीच्या डिसेंबरात नटराजाची मूर्ती देवळातून हलवली. ती प्रथम कुडुमियान्मलै येथे चाळीस महिने आणि नंतर मदुराईस राहिली. चिदंबरमची सोन्याची सभा नटराजाविना जवळजवळ अडतीस वर्षे रिकामी होती. अखेर नोव्हेंबर १६८६ मध्ये मूर्ती परत आली. त्या वेळी जिंजीवर मराठ्यांचा अंमल होता आणि शिवाजी महाराजांचे जावई हरजीराजे महाडिक तेथील कारभार पाहत होते. या परतीच्या प्रवासाची आणि संभाजी महाराजांच्या अमलात झालेल्या देवळाच्या जीर्णोद्धाराची नोंद ताम्रपटांवर कोरून ठेवलेली आहे.

इतिहासाची गुंतागुंत येथे ध्यानात येते. जिंजीला वेढा घालणाऱ्या विजापुरी फौजेत शहाजीराजेही होते. त्याच छावणीत जुलै १६४८ मध्ये त्यांना कैद झाली. ज्या मोहिमेच्या भयाने नटराजाला घर सोडावे लागले त्या मोहिमेवर आजोबा चाकरीत होते, आणि देव घरी परतला तो नातवाच्या राज्यात. आपल्या लोकांनाही असा प्रसंग अपरिचित नाही. गोमंतकात पोर्तुगीजांच्या छळाच्या काळात गावकऱ्यांनी देव रातोरात नदीपार नेले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला तो तेथेच राहिला. चिदंबरमचा देव मात्र परत आला. परत येणाऱ्या देवासाठी देऊळ शाबूत ठेवणाऱ्या माणसांची नावे फारशी कोणी जाणत नाही. पण त्यांच्याविना परत येण्याला अर्थ राहिला नसता.

तंजावर : दगडावर कोरलेला हिशेब

कावेरीच्या मुखप्रदेशात मोटार शिरली की दोन्ही बाजूंना भाताची हिरवी खाचरे आणि पाटाचे पाणी दिसू लागते. या सुपीक मुलखाच्या बळावरच चोळ राजांनी मोठमोठी देवळे उभारली. त्यांतील मुकुटमणी म्हणजे तंजावरचे बृहदीश्वराचे देऊळ. राजराज चोळाने बांधलेले हे देऊळ १०१० साली पूर्ण झाले. त्याचे तेरा तळांचे शिखर दोनशे फुटांहून उंच असून सारे ग्रॅनाइट दगडाचे आहे. तो दगड तंजावरच्या परिसरात मिळत नाही; तो दुरून आणावा लागला. हजार वर्षांहून अधिक काळ हे शिखर उभे आहे. १९८७ साली त्याची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली.

देणगीदारांच्या दृष्टीने या देवळाच्या भिंती फार बोलक्या आहेत. राजराजाने आज्ञा केली की आपण दिलेली दाने, आपल्या थोरल्या बहिणीने आणि राण्यांनी दिलेली दाने, तसेच इतरांनी दिलेली दानेही देवळाच्या दगडावर कोरावीत. राजाच्या सोन्याच्या भांड्यांबरोबर इतरांनी दिलेल्या लहान वस्तूही तेथे वजनासह नोंदलेल्या आहेत. देवळात चाकरीला असलेल्या चारशे नर्तकींची नावे, त्या कोणत्या देवळातून आल्या आणि त्यांना कोणत्या आळीत कितवे घर मिळाले, हेही कोरलेले आहे.

नंदादीपाची व्यवस्था तर मोठी शहाणपणाची होती. दिवा अखंड जळावा म्हणून देणगीदार रोख पैसा देऊन मोकळा होत नसे. तो एका दिव्यासाठी ९६ मेंढ्या, किंवा ४८ गाई, किंवा १६ म्हशी देई. ही जनावरे गवळ्याधनगरांकडे सोपवली जात, आणि त्यांनी रोज ठरलेल्या मापाचे तूप देवळात पोहोचवायचे असे. कळपात जनावरे मरतात तशी नवी जन्मतातही. म्हणून जबाबदारी कळपाच्या मूळ संख्येची. 'न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या मेंढ्या' असे त्या कळपाला शिलालेखांत म्हटले आहे. तसेच देवळाचे द्रव्य गावसभांना शेकडा साडेबारा दराने कर्जाऊ देत आणि त्या व्याजावर देवाच्या नैवेद्याचे आणि पूजेच्या साहित्याचे खर्च चालत. देवळाचा पैसा गावाच्या शेतीला लागे, आणि गावाचे धान्य देवळाला. आज बँकेत ठेव ठेवून तिच्या व्याजावर दिवाबत्ती चालविणाऱ्या विश्वस्त मंडळांनी जाणावे, की ही युक्ती हजार वर्षांपूर्वीची आहे.

१६७५-७६ च्या सुमारास शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी तंजावर घेतले. तेव्हापासून १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांचे राज्य होते. या घराण्याने चोळांच्या देवळाला परके मानले नाही. दुसरे सरफोजीराजे हे या घराण्यातील थोर विद्याप्रेमी पुरुष. सरस्वती महाल ग्रंथालयाच्या भरभराटीचे श्रेय त्यांना आहे. त्यांनी बृहदीश्वराच्या देवळाचीही डागडुजी केली आणि १८०३ साली आवाराच्या नैऋत्य बाजूला भोसले घराण्याचा समग्र इतिहास मराठीत, देवनागरी अक्षरांत कोरून घेतला. मराठीतील अत्यंत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. चहूकडे तमिळ अक्षरांनी भरलेल्या भिंती पाहून दमलेला मराठी यात्रेकरू या कोपऱ्यात येतो आणि शिवाजी महाराजांचे नाव आपल्या भाषेत वाचतो, तेव्हा त्याचा ऊर भरून आल्याशिवाय राहत नाही. भोसल्यांच्या पदरच्या कीर्तनकारांनी मराठी कीर्तनाची रीतही तिकडे रुजवली; तमिळ हरिकथेत आजही मराठी छंदांच्या चाली ऐकू येतात. राज्य गेले तरी घराण्याकडे ८८ देवळांच्या वंशपरंपरागत विश्वस्ताचा मान राहिला आणि बृहदीश्वराचे देऊळ त्यांतलेच एक आहे.

या देवळाने एक दुःखद दिवसही पाहिला. ७ जून १९९७ रोजी कुंभाभिषेकाच्या सोहळ्यासाठी उभारलेल्या गवती छपराच्या यज्ञमंडपाला आग लागली आणि चाळीसांहून अधिक भाविक प्राणास मुकले. दगडाच्या शिखराला काही झाले नाही. माणसे गेली ती चार दिवसांच्या मांडवात. पुढचा कुंभाभिषेक ५ फेब्रुवारी २०२० रोजी झाला. त्या वेळी मंत्र संस्कृतात म्हणावेत की तमिळमध्ये, असा प्रश्न उच्च न्यायालयात गेला आणि दोन्ही भाषांत विधी झाला.

कावेरीचे बेट आणि त्रिचनापल्लीचा खडक

तंजावरहून त्रिचनापल्ली अवघ्या ५५ किलोमीटरवर आहे. शहराच्या मध्यभागी पावणेतीनशे फूट उंचीचा एकसंध खडक उभा आहे आणि त्याच्या माथ्यावर गणपती बसला आहे. चारशेहून अधिक पायऱ्या चढताना वाटेत तायुमानवर या नावाने शिवाचे देऊळ लागते, आणि पल्लव राजा महेंद्रवर्म्याने सातव्या शतकाच्या आरंभी कोरविलेले लेणे दिसते. गंगा जटेत धारण करणाऱ्या शिवाचे त्यातील शिल्प प्रसिद्ध आहे. बिभीषण रंगनाथाची मूर्ती लंकेस नेत असता गणपतीने गुराख्याच्या पोराचे रूप घेऊन ती कावेरीच्या तीरी जमिनीवर ठेवली आणि मूर्ती तेथेच रुतली, अशी कथा सांगतात. रावण, आत्मलिंग आणि गोकर्ण यांची कथा आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. हीच गोष्ट दक्षिणेने कावेरीवर आणून ठेवली आहे. याच त्रिचनापल्लीच्या तुरुंगात सत्याग्रहाच्या काळात साने गुरुजी होते. तेथे ते तमिळ शिकले आणि त्यांनी 'कुरल' मराठीत आणले.

खडकावरून उत्तरेस पाहिले की कावेरीच्या बेटावर श्रीरंगम् दिसते. हे देऊळ म्हणजे एक नगरच आहे. १५६ एकरांचे क्षेत्र, एकाबाहेर एक असे सात प्राकार आणि २१ गोपुरे. बाहेरच्या प्राकारांत घरे, दुकाने आणि बाजार आहे. १३११ साली आणि नंतर १३२३ साली दिल्लीच्या सुलतानाच्या फौजा दक्षिणेत आल्या, तेव्हा भक्तांनी देवाची उत्सवमूर्ती घेऊन बेट सोडले. मदुराई, केरळ, म्हैसूरचा मुलूख करीत मूर्ती तिरुमलेस पोहोचली. विजयनगरचा अधिकारी गोपण्ण याने ती प्रथम जिंजीजवळ आणली आणि १३७१ साली श्रीरंगम् येथे पुन्हा स्थापन केली. मूर्ती घेऊन निघालेल्यांपैकी बहुतेकांना तो दिवस दिसला नाही.

येथील दक्षिणेचे राजगोपुर अच्युतदेवरायाच्या काळात आरंभले गेले आणि अर्धवट राहिले. चारशे वर्षांहून अधिक काळ त्याचा नुसता पाया आणि खालचा भाग उभा होता. अहोबिल मठाच्या ४४ व्या जीयर स्वामींनी वृद्धापकाळी ते काम हाती घेतले. १९७९ ते १९८७ या आठ वर्षांत लोकांच्या देणग्यांतून तेरा मजल्यांचे, २३६ फूट उंचीचे गोपुर पूर्ण झाले. एखादे धर्मकार्य आपल्या हयातीत राहून गेले म्हणून कोणी खंत करू नये, इतके आश्वासन हे गोपुर देते.

पुढे २०१५ च्या कुंभाभिषेकापूर्वी श्रीरंगमच्या देवळाची जी दुरुस्ती झाली, तिला २०१७ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. या दुरुस्तीत नव्या भर घालण्यापेक्षा मागाहून झालेली वेडीवाकडी बांधकामे काढण्यावर भर दिला गेला. सिमेंटऐवजी चुन्याचा वापर झाला आणि पाण्याच्या जुन्या वाटा मोकळ्या केल्या गेल्या. याच्या उलट अनुभवही तमिळ देशाने घेतला आहे. मध्यंतरी देवळांचे दगड स्वच्छ दिसावेत म्हणून यंत्राने वाळूचा मारा करण्याची रीत पडली. दगड उजळले, पण त्यांवरील कोरीव काम बोथट झाले आणि शिलालेखांची अक्षरे पुसली. विद्वानांनी ओरड केल्यावर ही रीत बंद करण्यात आली. पुसलेली अक्षरे मात्र परत येणार नाहीत.

पळणीचा दंडधारी

त्रिचनापल्लीहून दिंडुक्कलमार्गे मोटार पळणीस येते. येथे कार्तिकस्वामी हातात दंड घेऊन, कौपीन नेसून डोंगरावर उभे आहेत. फळाच्या मानावरून गणपतीवर रुसून ते येथे आले, अशी कथा आहे. आपल्याकडे कार्तिकस्वामींचे दर्शन स्त्रिया सहसा घेत नाहीत. दक्षिणेत मात्र याच देवाच्या दर्शनाला आयाबाया मुले कडेवर घेऊन येतात, मुलांचे जावळ काढतात आणि खांद्यावर कावड घेऊन सुमारे सातशे पायऱ्या चढतात. एकाच देवाविषयी दोन मुलखांत किती निराळे भाव असतात, हे येथे कळते. वर जाण्यासाठी १९६६ पासून दोराने ओढली जाणारी गाडी आणि २००४ पासून रोपवे आहे. येथील पंचामृत प्रसादाला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

मूळ मूर्ती बोगर नावाच्या सिद्धाने नऊ पाषाणद्रव्यांपासून घडविली, अशी श्रद्धा आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अभिषेकांनी ती झिजली आहे. २००४ साली तेथे पंचधातूची नवी मूर्ती बसविण्यात आली. पण भाविकांना ते मान्य झाले नाही आणि काही महिन्यांतच ती काढावी लागली. नवी मूर्ती सुबक होती की नव्हती, हा प्रश्न नव्हता. आजोबा-पणजोबांनी ज्या रूपापुढे हात जोडले तेच रूप लोकांना हवे होते. जीर्णोद्धार करताना काय बदलावे याइतकेच काय बदलू नये, हेही गावाला विचारून ठरवावे लागते.

मदुराई : दार उघडले तो दिवस

पळणीहून सुमारे ११५ किलोमीटरवर मदुराई. वैगै नदीकाठच्या या नगराचे रस्ते मीनाक्षीच्या देवळाभोवती चौकोनांत आखलेले आहेत. चौदा गोपुरे, त्यांतले दक्षिणेचे सुमारे १७० फूट उंच. आजचे देऊळ प्रामुख्याने नायक राजांच्या काळातील आहे. तिरुमल नायकाने (१६२३–१६५९) त्यात मोठी भर घातली.

या देवळाचा सर्वांत मोठा जीर्णोद्धार मात्र दगडाचुन्याचा नव्हता. ८ जुलै १९३९ रोजी वैद्यनाथ अय्यर हे अस्पृश्य मानल्या गेलेल्या काही बांधवांना बरोबर घेऊन देवळात गेले आणि त्यांनी मीनाक्षीचे दर्शन घेतले. कित्येक पुजारी रुष्ट झाले, खटले झाले. परंतु उघडलेले दार पुन्हा बंद झाले नाही. शासनाने कायदा करून या प्रवेशाला संरक्षण दिले. जेथे सर्वांना प्रवेश नाही त्या देवळात पाऊल ठेवणार नाही, असा गांधीजींचा निश्चय होता. १९४६ साली ते मदुराईस आणि पळणीस दर्शनाला गेले. पुढच्याच वर्षी, मे १९४७ मध्ये, साने गुरुजींनी पंढरपुरास प्राण पणाला लावून उपोषण केले आणि विठोबाचे दार सर्वांसाठी उघडले. मदुराई आणि पंढरपूर यांच्यात आठ वर्षांचे अंतर आहे. मागणी एकच होती.

अलीकडची एक घटनाही नोंदविली पाहिजे. २ फेब्रुवारी २०१८ च्या रात्री देवळाच्या आवारातील दुकानांना आग लागली आणि वीर वसंतराय मंडपाचे खांब व छत यांची मोठी हानी झाली. शेकडो वर्षे टिकलेला दगड एका रात्रीच्या आगीत तडकला. त्यानंतर आतील दुकाने हलविण्यात आली. देवळात काय असावे याचा निर्णय आगीनंतर घेण्यापेक्षा आधी घेतलेला बरा.

मदुराईपासून वीस किलोमीटरवर डोंगराच्या पायथ्याशी अळगर नावाने विष्णूचे स्थान आहे. लोक त्याला मीनाक्षीचा भाऊ मानतात. चैत्रात मीनाक्षीचे लग्न लागते तेव्हा हा डोंगरातला भाऊ घोड्यावर बसून बहिणीच्या लग्नाला निघतो. पण वैगैच्या पात्रात उतरतो तोच लग्न लागून गेल्याचे त्याला कळते, आणि तो तेथूनच परततो. लाखो लोक नदीत उभे राहून त्याचे दर्शन घेतात. त्याने हिरवे वस्त्र नेसले असेल तर पीक चांगले येणार, असे शेतकरी मानतात. शिवाची लग्नघटिका आणि विष्णूची यात्रा हे दोन निरनिराळे उत्सव तिरुमल नायकाने एकत्र आणले असे सांगतात. त्यामुळे डोंगरावरचे आणि नगरातले, शैव आणि वैष्णव, असे सारे लोक एकाच नदीत जमू लागले.

तिरुपतीपासून मदुराईपर्यंतच्या या वाटेवर राजे आले आणि गेले. चोळ, पांड्य, विजयनगर, नायक, भोसले अशी पाच राज्ये लोपली. देवळे राहिली, कारण प्रत्येक पिढीत कोणीतरी लेप भरला, कोणी मूर्ती जपली, कोणी अर्धे गोपुर पुरे केले, कोणी दार उघडले आणि कोणी ९६ मेंढ्यांचा कळप सांभाळून रोज मापभर तूप आणून दिले. दगडावर राजांची नावे मोठ्या अक्षरांत आहेत. पण दिवा त्या तुपावर जळत होता. आपल्या गावच्या देवळातही हा दिवा असाच पिढ्यान्‌पिढ्या तेवत राहो.